मुठीचं मऊपण आणि सांच्याचा खर्च

— ऊस विकास अधिकारी



दर अंकात आम्ही लागण, खोडवा, खतांच्या मात्रा, हुमणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा वेगळा असला, तरी तो बांधाच्या आतलाच आहे. आपल्या भागात ऊसरोपांच्या रोपवाटिका वाढल्या, बेण्याचे डोळे काढायची हातयंत्रं आली, आणि सभासदांची शिकलेली मुलं त्यात आपापल्या परीने सुधारणा करू लागली. कुणी डोळे काढायच्या यंत्राची दांडी बदलतो, कुणी फवारणी पंपाची मूठ, तर कुणी ठिबकच्या नळीला भोक पाडायचं हत्यार. पूर्वी असा नमुना सुताराकडून कोरून घ्यावा लागे. आता थ्री-डी प्रिंटरवर प्लॅस्टिकची मूठ एका रात्रीत तयार होते.

अशी मुलं आमच्याकडे येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "साहेब, नमुना झालाय. आता सांचा करायला टाकू का?" सांचा म्हणजे लाखांचा मामला. एकदा लोखंडात आकार कोरला की तो पुन्हा बदलणं सोपं नसतं. म्हणून आमचं सांगणं असं की, मूठ रबरी मऊ आवरणाची करायची असेल, तर आधी नमुन्यावर तसं आवरण चढवा, ती मूठ काम करणाऱ्याच्या हातात दिवसभर राहू द्या, आणि मगच सांच्याचं बोला. हे का करायचं आणि कसं करायचं, ते या लेखात मांडत आहोत.

मऊ मूठ म्हणजे चोचले नव्हेत

आपल्या तोडणी कामगारांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. कोयत्याच्या मुठीला चिंधी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आपण पाहतो. कडक मूठ तळव्याला मोजक्या उंचवट्यांवरच टेकते आणि सगळा दाब तिथेच येतो. फोड येतात ते त्याच जागी. मऊ थर दबतो, तळव्याच्या आकाराला बसतो आणि दाब पसरवतो. दुसरी गोष्ट पकडीची. घाम आला, उसाचा रस लागला, की गुळगुळीत प्लॅस्टिक हातातून सरकतं. मग ते धरून ठेवायलाच जास्त जोर लावावा लागतो आणि संध्याकाळी मनगट भरून येतं.

याचा एक गाजलेला दाखला अमेरिकेतला आहे. सॅम फार्बर नावाचे एक उद्योजक स्वयंपाकाची भांडी व साधनं यांच्या व्यवसायात होते. त्यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवात होता, आणि साल काढायचं साधं पत्र्याचं सोलाणं त्यांच्या हातात नीट धरत नव्हतं. त्यावरून फार्बर यांनी न्यूयॉर्कच्या स्मार्ट डिझाइन या संस्थेला सोबत घेऊन जाड, लंबगोल, रबरी मुठीची साधनं काढली. १९९० साली 'ऑक्सो गुड ग्रिप्स' या नावाने ती बाजारात आली. मुठीसाठी सँटोप्रीन नावाचं रबरासारखं प्लॅस्टिक वापरलं, आणि अंगठा व बोट टेकायच्या जागी बारीक लवचीक पाती ठेवली. अधू हातांसाठी केलेली ती मूठ धडधाकट हातांनाही आवडली आणि जगभर खपली. गाजली ती मूठ. आपल्या पोरांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ.

कडक नमुन्यावर निकाल देऊ नका

पुष्कळांना वाटतं, आकार तर कळला, रबर काय नंतर चढवता येईल. इथेच घोटाळा होतो. आमच्या एका गटात डिप्लोमा झालेल्या एका मुलाने डोळे काढायच्या यंत्राची नवी मूठ छापून आणली. जाडी ३८ मिलिमीटर होती, आणि दिसायला बाजारच्या मालासारखी. रोपवाटिकेतल्या बायकांनी ती तासभर वापरली आणि म्हणाल्या, "धरायला बरी हाय, पर रस लागला की निसटती." मग त्याने वरून ३ मिलिमीटर जाडीची रबरी नळी चढवली. निसटणं थांबलं, पण नवीच तक्रार आली, "मऊ झाली खरी साहेब, पर आता बोटं पोचंनात."

हिशेब सोपा आहे. ३ मिलिमीटरचा थर दोन्ही बाजूंनी बसतो, म्हणजे जाडी ६ मिलिमीटरने वाढते. ३८ ची मूठ ४४ झाली. त्या मुलाने आतला गाभा ३० वर आणला, वर रबर धरून मूठ ३६ ची झाली, आणि मग बायकांनी ती परत द्यायचं नाव काढलं नाही. सांचा आधी केला असता तर तो ३८ च्या गाभ्याचाच झाला असता.

अमेरिकेतील नायॉश या सरकारी संस्थेने २००४ साली हातहत्यारांच्या निवडीची एक मार्गदर्शिका काढली. जोर लावायच्या कामासाठी एकेरी मुठीची जाडी सव्वा ते दोन इंच, म्हणजे ३२ ते ५१ मिलिमीटर असावी असं तिच्यात सांगितलं आहे. मूठ चार इंचांपेक्षा लांब असावी, पाच-सहा इंच असल्यास उत्तम, म्हणजे तिचं टोक तळव्यात रुतत नाही. ही मापं तिकडच्या हातांची. आपल्याकडे रोपवाटिकेत बहुतेक काम बायका करतात, त्यांचे पंजे लहान. तेव्हा यातल्या खालच्या मापांपासून सुरुवात करावी. आणि जे माप घ्याल ते आवरण धरून घ्यावं.

मऊपण किती, हेही मोजता येतं

दुकानदाराला नुसतं 'मऊ पाहिजे' म्हटलं तर तो हाताला येईल ते देईल. रबराचं मऊपण अमेरिकेतील अल्बर्ट शोअर यांच्या नावाच्या मापाने मोजतात. सुई टेकवायची आणि ती किती रुतते ते आकड्यात वाचायचं. रबरासाठी 'शोअर ए' हे माप असतं. आकडा जितका लहान तितकं रबर मऊ. अंदाजाने सांगायचं तर हातातलं रबर बँड २५-३० च्या आसपास, पेन्सिलचा खोडरबर ४० च्या, आणि वाहनाच्या टायरचा रस्त्याला टेकणारा भाग ६० ते ७० च्या आसपास. मुठीसाठी आम्ही ५० ते ७० यांच्या दरम्यानचं रबर पाहायला सांगतो. त्याहून फार मऊ घेतलं तर जोर लावताना मूठ हातात पिळते, आणि कड्याकपारीत लागून लवकर फाटते.

नमुना कशाचा आहे ते आधी ओळखा

थ्री-डी प्रिंटरची सर्वांत जास्त चालणारी तार पीएलए या प्लॅस्टिकची असते. हे आपल्या लोकांना मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण पीएलए हे साखरेपासून होतं. साखर किंवा मक्याचा स्टार्च आंबवून लॅक्टिक आम्ल करतात आणि त्याची साखळी जोडून हे प्लॅस्टिक बनतं. थायलंडमध्ये रायोंग येथे २०१८ पासून वर्षाला ७५,००० टन क्षमतेचा कारखाना उसाच्या साखरेपासून ते बनवतो. आपल्याकडे जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने २०२४ साली अशा प्लॅस्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा केला, आणि उत्तर प्रदेशातल्या बलरामपूर चिनी मिल्सनेही २०२४ मध्येच कारखाना काढण्याचं जाहीर केलं. तेव्हा पोराच्या हातातली ती मूठ म्हणजे एका अर्थी आपलीच साखर आहे.

पण या प्लॅस्टिकचा एक दोष आहे. साधारण ६० अंश सेल्सिअसला ते नरम पडतं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवलेली मूठ वाकडी होते. एबीएस नावाचं प्लॅस्टिक त्यापेक्षा जास्त, १०० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे बादल्या, घमेली, बाटल्यांची झाकणं यांचं प्लॅस्टिक, त्याला तर कोणताही रंग किंवा डिंक सहजी धरत नाही. आवरणाची निवड या गोष्टींवर ठरते.

आवरणाच्या वाटा

पहिली वाट सर्वांत स्वस्त. सायकलच्या दुकानातली मूठ, ट्यूबचा तुकडा किंवा रबरी नळी चढवणं. आतून साबणाचं पाणी लावलं की ती सरकते आणि वाळल्यावर घट्ट बसते. दिसायला ओबडधोबड, पण आकार व जाडी ठरवायला याहून चांगला मार्ग नाही. ज्याच्याकडे प्रिंटर आहे त्याने टीपीयू नावाच्या रबरी तारेचं आवरण छापावं. नेहमी मिळणारी टीपीयू ९५ शोअरची, म्हणजे बरीच कडक असते. म्हणून आवरण भरीव न छापता त्यावर उभ्या आडव्या खाचा ठेवाव्यात. खाचांमुळे ते दबतं आणि हाताला मऊ लागतं.

दुसरी वाट बुडवणीची. पक्कडीची लाल-निळी मूठ आपण सर्वांनी पाहिली आहे. ती करताना लोखंड तापवून पीव्हीसीच्या दाट द्रावणात बुडवतात आणि मग १६० ते २०० अंशांच्या भट्टीत पक्कं करतात. लोखंडाला हे चालतं. प्लॅस्टिकचा नमुना त्या भट्टीत घातला तर गोळा होईल. म्हणून पक्कडवाल्याकडे नमुना देऊ नये. नमुन्यासाठी हवेवर वाळणारं रबरी द्रावण मिळतं, ते आणावं. त्याची रीत पुढे देतो.

तिसरी वाट फवारणीच्या मऊ रंगाची. टॉर्च, रेडिओ, मोटारीचे डॅशबोर्ड यांवर मखमलीसारखा हात लागतो तो हाच. हा पॉलियुरेथेनचा रंग असतो आणि त्याचा थर अगदी पातळ, मिलिमीटरच्या वीसाव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी. हाताला तो मऊ वाटतो, पण दबत मात्र काहीच नाही. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ते इथे लागू आहे. गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचा असेल तर हा रंग उत्तम. हाताचे फोड तो थांबवत नाही. शिवाय यातल्या दोन डब्यांच्या रंगात कडक करणारं जे द्रव्य असतं, त्याला आयसोसायनेट म्हणतात. त्याची फवार श्वासात गेली तर दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. म्हणून हा रंग घरी किंवा गोठ्यात मारू नये, गाड्या रंगवणाऱ्या व्यवस्थित सोय असलेल्या ठिकाणाहूनच मारून आणावा.

चौथी वाट ओतकामाची. सिलिकॉन रबराचा सांचा करून त्यात आधी कडक गाभा बसवतात आणि भोवती दोन भागांचं युरेथेन रबर ओततात. मोजकेच नग करायचे असतील तर हे परवडतं, आणि पुढे कारखान्यात होणाऱ्या मालाशी सर्वांत मिळतंजुळतं तेच असतं. कारखान्यात गाभ्यावर गरम रबरी प्लॅस्टिक दाबून बसवतात. तिथे एक पथ्य पाळावं लागतं. एका प्लॅस्टिकला धरणारं रबर दुसऱ्याला धरेलच असं नाही. म्हणून गाभ्याला आरपार भोकं आणि खाचा ठेवतात. रबर त्यात शिरतं आणि कडी लावल्यासारखं बसतं. नमुन्यातच ही भोकं ठेवायची सवय लावावी.

बुडवणीची रीत

(१) छापलेल्या मुठीवर थरांच्या रेषा असतात. १८० नंबरच्या आणि नंतर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने त्या घासाव्यात. खड्डे असल्यास लांबी भरून पुन्हा घासावं. आवरणाखाली रेघ दिसणार नाही असं समजू नये. पातळ रबरातून ती हाताला लागते.

(२) सगळ्या कडा गोल कराव्यात. धारेवर द्रावण थांबत नाही, तिथे थर पातळ बसतो आणि पहिल्यांदा तिथेच फाटतो. जिथे आवरण संपणार, तिथे भोवती एक बारीक खाच कोरावी, म्हणजे कड उचकटत नाही.

(३) साबणाने धुऊन पूर्ण वाळवावं. त्यानंतर मूठ उघड्या हाताने धरू नये. हाताचं तेल लागलं की आवरण सालीसारखं निघतं. स्क्रूची भोकं व पात्याची बैठक चिकटपट्टीने झाकावी.

(४) त्याच प्लॅस्टिकच्या टाकाऊ तुकड्यावर आधी करून पाहावं. या द्रावणात थिनरसारखी द्रव्यं असतात आणि काही प्लॅस्टिक त्याने विरघळतं. पॉलिप्रॉपिलीन असेल तर त्यासाठीचा खास प्रायमर लावल्याशिवाय हात घालू नये.

(५) मूठ तारेला टांगून सावकाश बुडवावी, एक इंच जायला पाच सेकंद लागतील इतकी सावकाश, आणि तशीच सावकाश वर काढावी. घाई केली की बुडबुडे धरतात. एका बुडवणीत साधारण ०.३ मिलिमीटर थर बसतो. दोन बुडवण्यांत अर्धा तास जाऊ द्यावा. तीन-चार बुडवण्यांनी मिलिमीटरभर आवरण होतं. शेवटी रात्रभर टांगून ठेवावं.

(६) वाफ पेट घेते आणि डोक्यात जाते. काम उघड्यावर करावं. जवळ चूल, विडी, वेल्डिंग नको, लहान मुलंही नकोत.

चिकटपणाचा रोग

आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादी जुनी टॉर्च किंवा रेडिओ असेल, जो हातात घेतला की गुळाच्या ढेपेसारखा चिकटतो. पुसला तरी जात नाही. लोकांना वाटतं कुणीतरी काही सांडलं. सांडलेलं काही नसतं. तो मऊ रंगच कुजलेला असतो. या रंगांच्या काही जाती हवेतल्या दमटपणाने आणि उन्हाळ्याने तुटत जातात. घाम आणि हाताचं तेल त्यात भर घालतं. वस्तू न वापरता कपाटात ठेवली तरी हे होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं तर बहुधा तो थर निघून येतो आणि खालचं साधं प्लॅस्टिक वापरता येतं. आधी कोपऱ्यात करून पाहावं एवढंच.

रबराचा हा दोष जुनाच आहे. झाडाच्या चिकापासूनचं कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक व्हायचं, म्हणून ते कामाचं नव्हतं. १८३९ साली अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना रबर व गंधक एकत्र तापवल्यास ते टिकाऊ होतं हे सापडलं. रस साफ करायला आपल्या साखर कारखान्यांत जो गंधक जाळतात, तोच. त्या पकवलेल्या रबराने टायर झाले, ट्यूबा झाल्या. म्हणूनच सायकलची ट्यूब वर्षानुवर्षं टिकते आणि मखमली रंग चारदोन पावसाळ्यांत दगा देऊ शकतो. अर्थात झाडाच्या रबरालाही डिझेल आणि तेल चालत नाही, ते फुगतं. ट्रॅक्टर किंवा इंजिनाजवळच्या मुठीला नायट्राइल जातीचं रबर घ्यावं.

तेव्हा नमुन्याची परीक्षा घेताना आवरणाचीही परीक्षा घ्या. आवरण चढवलेला एक तुकडा ओल्या फडक्यासह झाकणाच्या डब्यात घालून उन्हाळ्यात महिनाभर पत्र्यावर ठेवा. एका तुकड्याला डिझेल पुसा, एकाला उसाचा रस लावून वाळू द्या आणि धुवा. जो चिकटेल, सुटेल किंवा फुगेल तो बाद. प्रयोगशाळेची सर याला नाही, पण वाईट माल यातही ओळखू येतो. पीएलएचा तुकडा या उन्हात वाकला, तर गाभ्याचं प्लॅस्टिकही बदलायला हवं हे त्याबरोबरच कळतं.

थोडक्यात

आकार व जाडी ठरवायला ट्यूब किंवा रबरी नळी. कामात वापरून पाहायला बुडवणी किंवा ओतकाम. नुसतं दाखवायला मऊ रंग. माप नेहमी आवरण धरून. आणि निकाल देणारा माणूस तो, ज्याच्या हातात मूठ दिवसभर राहणार. नमुना करणाऱ्याने स्वतः पाच मिनिटं दाबून पाहिलं आणि 'झकास' म्हटलं, त्याला काही अर्थ नाही. त्याचा पंजा मोठा, आणि संध्याकाळी दुखायला त्याचं मनगट तिथे नसतं. रोपवाटिकेतली बाई सहज बोलत नाही. चांगलं हाय म्हणते आणि गप्प बसते. तिला मूठ द्या आणि दुपारनंतर तिच्या हाताकडे बघा. ती मूठ मध्येच सोडून हात झटकते का, मुठीवर फडकं गुंडाळते का, जुनंच यंत्र पुन्हा ओढून घेते का. तिचं मत तिच्या हातांत दिसेल.

ज्या सभासदांच्या मुलामुलींनी असं काही हत्यार केलं असेल, त्यांनी ते आपल्या गट कार्यालयात जरूर आणावं. नमुना एकच असला तरी चालेल, पण त्यावर आवरण चढवलेलं असावं आणि आतल्या गाभ्याचं व वरच्या थराचं माप कागदावर लिहिलेलं असावं. रोपवाटिकेत दिवसभर ते वापरून पाहण्याची व्यवस्था आमचा विभाग करील, आणि काम करणाऱ्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून देईल. सांचा करायचा की नाही, ते त्यानंतर तुमचं तुम्ही ठरवा.

कळावे.